हॅकेथॉन, रोबो आणि चार चाकांची गाडी : विद्यार्थ्यांच्या तंत्रस्पर्धांचे दरवाजे कुठे उघडतात?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने घरी सांगितलं की, "स्पर्धेसाठी गाडी बनवायची आहे, माझ्या वाट्याला वीस हजार येतील," की घरातून दोन प्रश्न हमखास येतात. अभ्यासाचं काय? आणि एवढे पैसे कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची नीट उत्तरं मुलांकडेही बहुतेक वेळा नसतात. तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि डिझाइनच्या विद्यार्थी स्पर्धांची संख्या आता इतकी झाली आहे की त्यातली दमदार कोणती आणि नुसती प्रमाणपत्रं वाटणारी कोणती, हे ओळखणं शिक्षकांनाही जड जातं. म्हणून मुख्य स्पर्धांची माहिती आम्ही एका ठिकाणी देत आहोत. प्रवेश कुणाला, पहिला दरवाजा कुठे, खर्च किती आणि मूल नेमकं कुठे अडकतं, यावर आमचा भर आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. छोट्या शहरांतली, नव्या महाविद्यालयांतली, आयटीआयमधली आपली मुलं अंतिम फेरीत हरतात, असं चित्र नाही. ती अंतिम फेरीपर्यंत पोहोचतच नाहीत. नोंदणी कधी सुरू झाली हे कळलं नाही, महाविद्यालयाने नाव पाठवलं नाही, नियमपुस्तिका शेवटच्या आठवड्यात उघडली, अशी कारणं असतात. हुशारीशी त्याचा संबंध नसतो.

स्मार्ट इंडिया हॅकेथॉन : दरवाजा महाविद्यालयातच

सर्वात जास्त ऐकलेलं नाव स्मार्ट इंडिया हॅकेथॉनचं. केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद २०१७ पासून ही स्पर्धा घेतात. सुरुवातीपासूनच्या भागीदारांत पुण्याची पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनीही आहे. केंद्राची मंत्रालयं, राज्य सरकारं आणि सार्वजनिक कंपन्या आपापल्या अडचणी 'समस्या' म्हणून मांडतात आणि विद्यार्थी त्यातली एक निवडून तोडगा सुचवतात. सॉफ्टवेअर गटाची अंतिम फेरी सलग ३६ तास चालते. हार्डवेअर गटाला जास्त दिवस मिळतात, कारण तिथे वस्तू प्रत्यक्ष बनवून दाखवायची असते. प्रत्येक समस्येच्या विजेत्या संघाला एक लाख रुपये, असं बक्षिसाचं स्वरूप अनेक वर्षं राहिलं आहे.

संघ सहा जणांचा, सगळे एकाच महाविद्यालयाचे आणि त्यात किमान एक मुलगी हवीच. वेगवेगळ्या शाखांची मुलं एकत्र आली तर उत्तम. कम्प्युटरच्या सहा मुलांनी शेतीपंपाच्या समस्येला हात घातला तर काय होतं, ते आम्ही पाहिलं आहे. ॲप सुंदर बनतं आणि पंपाचं कुणालाच काही कळत नाही.

आता अडचणीची जागा. विद्यार्थी या स्पर्धेत थेट घुसू शकत नाही. प्रत्येक महाविद्यालयाचा एक अधिकृत समन्वयक असतो, ज्याला मुलं 'स्पॉक' म्हणतात. आधी महाविद्यालयाने आपल्या पातळीवर अंतर्गत हॅकेथॉन घ्यायचं, त्यातून संघ निवडायचे आणि मग समन्वयकाने ते पोर्टलवर पाठवायचे. समन्वयकच नेमलेला नसेल किंवा त्याचा लॉगिन दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या प्राध्यापकाच्या नावावर असेल, तर मुलांची कल्पना कितीही चांगली असो, गाडी पुढे सरकत नाही. भायखळ्याचं साबू सिद्दिक, नव्या पनवेलचं अंजुमन-ए-इस्लामचं काळसेकर, नागपूरचं अंजुमन, मालेगावचं मन्सूरा संकुल अशी अल्पसंख्याक संस्थांची तंत्रमहाविद्यालयं राज्यात आहेत. पालकांनी प्रवेश घेताना फी आणि वसतिगृहाबरोबर 'तुमचा हॅकेथॉनचा समन्वयक कोण?' हाही प्रश्न कोणत्याही महाविद्यालयाला विचारायला हरकत नाही. उत्तर ऐकून बरंच काही समजतं.

समस्या निवडताना एक साधी युक्ती आहे. पोर्टलवर प्रत्येक समस्येसमोर किती संघांनी कल्पना पाठवल्या, तो आकडा दिसतो. काही समस्यांसमोर तो शेकड्यांत जातो आणि काहींसमोर अगदीच कमी राहतो. गर्दी असते ती चॅटबॉट, हजेरीचं ॲप अशा ओळखीच्या विषयांना. खाणी, रेल्वेचे डबे, मत्स्यव्यवसाय असे विषय ओस पडतात, कारण त्यांची माहिती मिळवायला खोलीबाहेर पडावं लागतं. रत्नागिरीच्या मुलाला मासळी बंदरावर जाऊन दोन दिवस बसायला काय अडचण आहे? ती माहिती दिल्लीच्या संघाकडे नसेल.

मुलीच्या अटीबद्दलही बोललं पाहिजे. पाच मित्र संघ करतात आणि अट पुरी करायला वर्गातल्या एखाद्या मुलीचं नाव घालतात. ती सादरीकरणात एका बाजूला उभी राहते. परीक्षक असे संघ लगेच ओळखतात, कारण ते नेमका तिलाच प्रश्न विचारतात. मुलींनी अशा संघात नाव देण्याआधी 'माझं काम काय?' हे लिहून घ्यावं. अंतिम फेरी बहुतेकदा दुसऱ्या राज्यात असते, त्यामुळे घरचे काळजी करणार हे उघड आहे. त्यावर उपाय म्हणजे सोबत कोणत्या शिक्षिका किंवा शिक्षक येणार, मुक्काम कुठे, परतीची गाडी कोणती, हे महाविद्यालयाच्या कागदावर पालकांच्या हातात द्यायचं. आमचा अनुभव असा आहे की तोंडी सांगितल्यावर नाही म्हणणारे वडील असा कागद पाहिल्यावर बऱ्याचदा हो म्हणतात.

रोबो : पवईहून येणारा संच आणि बालेवाडीतला गोविंदा

महाविद्यालयात प्रयोगशाळा धड नाही, अशा मुलांसाठी आम्ही सर्वात आधी नाव घेऊ ते ई-यंत्रचं. आयआयटी मुंबईचा हा उपक्रम आहे आणि त्याची रोबोटिक्स स्पर्धा २०१२ पासून चालते. चार जणांपर्यंतचा संघ नोंदवायचा. मग टप्प्याटप्प्याने कामं दिली जातात. आधी संगणकावर आभासी रोबो चालवायचा, त्यातून पुढे गेलात की प्रत्यक्ष साहित्याचं काम येतं आणि शेवटी निवडक संघ पवईला जातात. स्पर्धा महिनोन्‌महिने चालते आणि तिची खरी कमाई तीच आहे. प्रत्येक टप्प्याला शिकण्याचं साहित्य दिलेलं असतं, त्यामुळे मध्येच बाहेर पडलेला संघही आधीपेक्षा जास्त शिकून बाहेर पडतो. चांगली कामगिरी करणाऱ्यांना उन्हाळ्यात आयआयटीत इंटर्नशिपची संधी मिळते. पॉलिटेक्निकच्या मुलांनीही याकडे पाहावं.

रोबोकॉनचा बाज वेगळा. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघटना म्हणजे निरनिराळ्या देशांच्या टीव्ही-रेडिओ संस्था २००२ पासून ही स्पर्धा भरवतात. पहिली टोकियोत झाली. भारतातली जबाबदारी दूरदर्शनकडे आहे. दरवर्षी यजमान देश आपल्या संस्कृतीवरून एक खेळ रचतो आणि सर्व देशांच्या संघांनी तो खेळ खेळणारे रोबो बनवायचे असतात. राष्ट्रीय फेरी जिंकणारा संघ देशाचं प्रतिनिधित्व करतो. २००८ मध्ये यजमानपद भारताकडे होतं आणि सामने पुण्यात बालेवाडीला झाले. त्या वर्षीचा खेळ कोणता होता? दहीहंडी! स्पर्धेचं नावच 'गोविंदा' होतं. चीन, जपान, इजिप्तची मुलं त्या वर्षी उंच टांगलेल्या मडक्यांपर्यंत पोहोचणारे रोबो बनवत होती. २०१४ मध्येही स्पर्धा पुण्यातच झाली. विषय होता पालक आणि मूल : मोठा रोबो छोट्या रोबोला झोका देतो, सीसॉवर बसवतो.

२०१४ च्या त्या स्पर्धेत जिंकला तो व्हिएतनामचा लाक हाँग विद्यापीठाचा संघ. ही खासगी संस्था आहे आणि राजधानी हनोईपासून दूर, बिएन होआ या औद्योगिक शहरात आहे. पुढे २०१७ आणि २०१८ मध्येही तिनेच जिंकलं. या स्पर्धेत सर्वाधिक विजेतेपदं व्हिएतनामच्या नावावर आहेत. जपान-चीनसारखे देश समोर असताना हे कसं जमलं? आमच्या मते कारण साधं आहे. नियम जाहीर झाले की लगेच कामाला लागायचं आणि जुन्या संघाने नव्या संघाला सगळं शिकवून जायचं. आपल्याकडे शेवटच्या वर्षाची मुलं पास होऊन जातात आणि त्यांच्याबरोबर सर्किटचे आराखडे, कोड, कुठला मोटारवाला स्वस्त देतो ती माहिती, सगळं निघून जातं. पुढच्या वर्षी पुन्हा पहिली पायरी.

शाळकरी वयाच्या मुलांसाठी फर्स्ट ग्लोबल ही जागतिक रोबो स्पर्धा आहे. प्रत्येक देशाचा एक संघ. २०१७ मध्ये ती वॉशिंग्टनला पहिल्यांदा भरली तेव्हा अफगाणिस्तानातल्या हेरात शहरातल्या सहा मुलींचा संघ जगभर बातम्यांत आला. त्यांचा साहित्याचा संच कस्टम्समध्ये अडकला होता आणि अमेरिकेचा व्हिसा दोनदा नाकारला गेला होता. व्हिसाच्या मुलाखतीसाठी त्या हेरातहून काबूलला दोनदा गेल्या होत्या. शेवटी अमेरिकेच्या अध्यक्षांपर्यंत विषय गेला, परवानगी मिळाली आणि धाडसी कामगिरीचं रौप्यपदक घेऊन त्या परतल्या. गोष्ट इथे संपली नाही. २०२० मध्ये कोरोनाची साथ हेरातमध्ये पसरली तेव्हा या संघातल्या मुलींनी टोयोटा कोरोला गाडीचे सुटे भाग वापरून कमी खर्चाच्या व्हेंटिलेटरचा नमुना तयार केला. काच पुसणाऱ्या वायपरची मोटार त्यात होती. २०२१ मध्ये सत्ता बदलली आणि संघातल्या काही मुलींना कतार आणि मेक्सिकोत आसरा घ्यावा लागला. स्पर्धा मुलांना काय देते, असं कुणी विचारलं तर आम्हाला ती वायपरची मोटार आठवते.

गाड्यांच्या स्पर्धा : इथे पैसा लागतो

सर्वात जास्त आकर्षण आणि सर्वात जास्त खर्च, दोन्ही गाड्यांच्या स्पर्धांत. त्यामुळे इथे थोडं सविस्तर.

बाहा म्हणजे खडकाळ, चिखलाच्या रस्त्यावर चालणारी एका माणसाची गाडी. मूळ स्पर्धा अमेरिकेत १९७६ मध्ये दक्षिण कॅरोलिना विद्यापीठात सुरू झाली. भारतात एसएई इंडिया ही अभियंत्यांची संस्था २००७ पासून ती घेते. इंदूरजवळचं पिथमपूर हे तिचं जुनं मैदान. फॉर्म्युला प्रकारात रेसिंगची छोटी गाडी बनवायची असते आणि त्यासाठी फॉर्म्युला भारत ही स्पर्धा कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होते. एसएई इंडियाची सुप्रा ही याच प्रकारातली दुसरी स्पर्धा. दोन्ही प्रकारांत आता बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांचे वेगळे गट आहेत.

लोकांना वाटतं की जी गाडी सर्वात जोरात पळते ती जिंकते. तसं नाही. फॉर्म्युला स्पर्धेत एकूण १००० गुण असतात आणि त्यातला जवळपास तिसरा हिस्सा गाडी जागेवर उभी असतानाच ठरतो. डिझाइनची तोंडी परीक्षा होते : ही नळी इतक्याच जाडीची का, हा कोन असाच का? 'मागच्या बॅचने असंच केलं होतं' हे उत्तर दिलं की गुण गेले. खर्चाचा अहवाल द्यावा लागतो, त्यात प्रत्येक नट, बोल्ट, वॉशर आणि वेल्डिंगच्या प्रत्येक इंचाची किंमत मांडायची. मग 'ही गाडी विकायची झाली तर धंदा कसा करशील?' याचं सादरीकरण. मेकॅनिकलच्या मुलांना हे शेवटचं काम कंटाळवाणं वाटतं आणि ते शेवटच्या रात्रीवर ढकललं जातं. कॉमर्सच्या किंवा मॅनेजमेंटच्या एखाद्या मुलाची मदत घेतली तर बिघडलं कुठे?

नंतर तांत्रिक तपासणी. इथे निम्म्या संघांचा घाम निघतो. चालकाला पाच सेकंदांत गाडीबाहेर पडता आलं पाहिजे. फॉर्म्युला गाडी ६० अंशांपर्यंत तिरकी करून पाहतात, तेल सांडता कामा नये आणि चाक उचलता कामा नये. ब्रेक दाबल्यावर चारही चाकं एकाच वेळी जॅम झाली पाहिजेत. तीन झाली आणि चौथं फिरत राहिलं तर पुन्हा रांगेत. इलेक्ट्रिक गाडीवर पाण्याचे फवारे मारून पाहतात. महिनोन्‌महिने खपून बनवलेली गाडी तपासणीतच अडकली आणि ट्रॅकला तिचं चाक लागलंच नाही, असं दरवर्षी अनेक संघांचं होतं. म्हणून अनुभवी संघ एकच सांगतात : गाडी स्पर्धेच्या दोन महिने आधी उभी राहिली पाहिजे. उरलेला वेळ ती मोडण्यासाठी.

शेवटी मोठी शर्यत. बाहाची सहनशक्तीची फेरी चार तासांची. फॉर्म्युलाची सुमारे २२ किलोमीटरची, आणि मध्ये गाडी थांबवून चालक बदलायचा. तापलेली गाडी तेव्हा पुन्हा सुरू झालीच पाहिजे. कित्येक गाड्या नेमक्या तिथेच मान टाकतात.

आता पैसे. नोंदणी शुल्क, पोलादी नळ्या, इंजिन किंवा बॅटरी, टायर, चालकाचा आगरोधक पोशाख, गाडी ट्रकवर घालून नेणं आणि वीस-पंचवीस जणांचा प्रवास. हिशोब काही लाखांत सहज जातो. बॅटरीची गाडी असेल तर आणखी वर. हा खर्च मुलांनी घरून आणायचा, ही पद्धत आम्हाला पटत नाही. आईची बांगडी गहाण ठेवून गाडी बनवू नये. महाविद्यालयाने वाटा उचलला नाही तर त्या वर्षी फक्त सुरुवातीच्या आभासी फेरीपुरता भाग घ्यावा. बाहामध्ये गाडी बनवण्याआधी संगणकावरचा आराखडा परीक्षकांसमोर मांडण्याची फेरी असते. तेवढी फेरी दिलेल्या मुलालाही आराखडा, ताणाचं गणित आणि सादरीकरण शिकायला मिळतं.

मदत मागताना रोख मागण्यापेक्षा वस्तू मागणं सोपं जातं. कारखानदार पन्नास हजार रुपये देणार नाही, पण त्याच्या सीएनसी मशीनवर रविवारी चार तास काम करून देईल. कोकणातल्या महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी दुबई, कुवेत, दम्माममध्ये मोठ्या संख्येने आहेत. त्यांना 'चंदा द्या' असं मोघम सांगण्याऐवजी खर्चाच्या अहवालाचं एक पान पाठवा आणि 'यातले दोन टायर तुमच्याकडून' असं म्हणा. देणाऱ्यालाही आपण काय दिलं ते कळतं.

आणि एक भांडवल असं आहे जे आपल्या मुलांकडे आधीपासून असतं. कुर्ल्यात गॅरेजवर, भिवंडी-मालेगावात यंत्रमागांच्या खटखटाटात, इचलकरंजीच्या फाउंड्रीजवळ वाढलेल्या मुलाला बेअरिंगचा आवाज बदलला की कळतं. अमेरिकेतल्या मूळ बाहाच्या नियमांत वेल्डिंगचे नमुने तोडून आणि कापून दाखवावे लागतात, इतकं त्या हातकामाला महत्त्व आहे. पण तीच मुलं महाविद्यालयात गेल्यावर 'आमचं गॅरेज आहे' हे सांगायला लाजतात. संघातला सर्वात उपयोगी माणूस तोच असतो. त्याने फक्त हाताने जे कळतं ते कागदावर मांडायला शिकायचं.

अभ्यासाचं काय, हा पहिला प्रश्न राहिलाच. खरं सांगायचं तर गाडीच्या संघात शिरलेल्या मुलांना केटी लागल्याची उदाहरणं भरपूर आहेत. हजेरीही कमी पडते. चांगले संघ नियम करतात : केटी असलेला मुलगा वर्कशॉपमध्ये येणार नाही, परीक्षेआधी तीन आठवडे काम बंद. पालकांनी संघप्रमुखाला हा नियम आहे का, एवढं विचारावं. उलट बाजूही आहे. वाहन कंपन्या मुलाखतीत अशा मुलांना वेगळ्या नजरेने पाहतात, कारण त्यांनी काहीतरी बनवलेलं, मोडलेलं आणि पुन्हा उभं केलेलं असतं.

फक्त एक संगणक, तिघे जण

पैसा जवळपास लागत नाही अशी स्पर्धा म्हणजे आयसीपीसी, महाविद्यालयीन प्रोग्रॅमिंगची जागतिक स्पर्धा. तिघांचा संघ, तिघांत एकच संगणक आणि पाच तास. जास्तीत जास्त कोडी अचूक सोडवायची. चुकीचं उत्तर पाठवलं की वेळेचा दंड बसतो. भारतातल्या विभागीय फेऱ्यांत केरळमधलं अमृतपुरी हे जुनं केंद्र आहे. अलीकडच्या जागतिक अंतिम फेऱ्या कुठे झाल्या पाहा : २०२२ मध्ये ढाका, एप्रिल २०२४ मध्ये इजिप्तचं लक्झर, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कझाकस्तानचं अस्ताना, २०२५ मध्ये बाकू. तयारीला लागतो तो सराव, तोही दोन-तीन वर्षांचा. सरावाची कोडी इंटरनेटवर फुकट मिळतात. मोबाइलवर कोड लिहिता येत नाही, म्हणून एक साधा जुना लॅपटॉप मात्र हवा.

डिझाइनवाल्यांसाठी

डिझाइनच्या मुलांना स्पर्धांची माहिती सर्वात कमी असते. जेम्स डायसन पुरस्कार हा त्यातला मोठा. इंजिनिअरिंग किंवा डिझाइन शिकणारे आणि नुकतेच पदवीधर झालेले भाग घेऊ शकतात. अट एवढीच की रोजची एखादी अडचण सोडवणारी वस्तू असावी. देशपातळीवरच्या विजेत्याला ५,००० पौंड आणि आंतरराष्ट्रीय विजेत्याला ३०,००० पौंड मिळतात. फिलिपिन्सच्या कार्व्ही मैग या विद्यार्थ्याची हकिकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाया गेलेल्या फळभाज्यांपासून त्याने अतिनील किरणांतून वीज मिळवणारा पदार्थ तयार केला. २०१८ मध्ये त्याने अर्ज केला तेव्हा तो देशपातळीवरही पुढे गेला नाही. तीच कल्पना सुधारून २०२० मध्ये पुन्हा पाठवली आणि शाश्वततेचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार घेतला.

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची देशव्यापी संघटना आहे, तिच्या स्पर्धांत लुई कान यांच्या नावाची ट्रॉफी जुन्या इमारतींच्या मोजमापासह नोंदणीसाठी दिली जाते. औरंगाबाद-खुलताबाद, बीजापूर, जुन्नर या भागांत पडझड होत चाललेल्या कितीतरी दर्गे, सराया आणि हमाम अजून कुणी नीट मोजलेले नाहीत. टेप घेऊन चार मुलं तिथे गेली तर स्पर्धेच्या निकालाचं काहीही होवो, त्या इमारतीची एक नोंद तरी राहील.

वस्तू बनवणाऱ्यांनी पेटंटकडे दुर्लक्ष करू नये. कल्पना आधी जगाला दाखवली की नंतर तिचं पेटंट मिळणं अवघड होतं. प्रदर्शनाआधी तात्पुरता अर्ज केला तर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात. एकट्या व्यक्तीला शुल्कही कंपनीपेक्षा बरंच कमी असतं.

आयटीआय आणि शाळा

आयटीआयच्या मुलांसाठी स्पर्धा नसतात, हा गैरसमज. इंडिया स्किल्स ही स्पर्धा त्यांच्याच कामाची आहे : वेल्डिंग, वायरिंग, प्लंबिंग, सीएनसी, मेकॅट्रॉनिक्स. राज्य आणि देश असे टप्पे पार केले की पुढे जागतिक वर्ल्ड स्किल्स. बहुतेक कामांसाठी वयाची मर्यादा २२ आहे. २०१९ मध्ये रशियातल्या कझानला भारताला जलतंत्रज्ञानात सुवर्ण मिळालं आणि २०२४ मध्ये फ्रान्सच्या लिऑनला चार कांस्यपदकं. आखातात नोकरीला जाणाऱ्या मुलासाठी अशा स्पर्धेचं प्रमाणपत्र साध्या अनुभवपत्रापेक्षा जास्त बोलतं, असं आम्हाला वाटतं.

शाळेत सहावीपासून 'इन्स्पायर मानक' योजना आहे. शाळेने मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवायच्या, निवड झाली की नमुना बनवायला १०,००० रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात येतात. इथेही अडचण तीच : मुख्याध्यापकांनी पोर्टलवर नोंदच केली नाही तर मूल काय करणार? उर्दू माध्यमाच्या शाळांनी भाषेची भीती बाळगू नये. कल्पना दोन-चार वाक्यांची असते, इंग्रजीत मांडून द्यायला एक शिक्षक पुरतो. मुलाच्या नावाचं बँक खातं मात्र आधीच उघडून ठेवा.

पोकळ स्पर्धा कशा ओळखायच्या

गेल्या काही वर्षांत 'आंतरराष्ट्रीय', 'ग्लोबल', 'ऑलिम्पियाड' अशी नावं लावून शुल्क गोळा करणाऱ्यांचं पीक आलं आहे. नियमपुस्तिका मिळत नसेल, मागच्या वर्षीच्या विजेत्यांची यादी नसेल, परीक्षक कोण ते सांगत नसतील आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळणार असेल, तर ते पदक तुम्ही विकत घेताय. शुल्क घेणारी प्रत्येक स्पर्धा खोटी नसते, बाहालाही शुल्क आहेच. पण पैसे कशाचे, हे विचारल्यावर सरळ उत्तर मिळालं पाहिजे. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून, कुणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे कधीही पाठवू नका.

सादरीकरणातल्या इंग्रजीचा बाऊही नको. स्लाइड इंग्रजीत असू द्या, पण प्रश्नोत्तरांत शब्द अडला तर "हिंदीत सांगू का?" असं विचारा. परीक्षकाला यंत्र समजून घ्यायचं असतं. पाठ केलेलं इंग्रजी पहिल्या उपप्रश्नालाच उघडं पडतं.

वर्षाचं वेळापत्रक साधारण असं धरा. शाळांच्या मानक नोंदणीचं काम जूनपासून. डायसनचे अर्ज वसंतात सुरू होऊन जुलैच्या सुमारास बंद होतात. ई-यंत्रची नोंदणी आणि बाहाची आभासी फेरी पावसाळ्यात. हॅकेथॉनच्या समस्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपास येतात आणि अंतिम फेरी अलीकडे डिसेंबरमध्ये होते. गाड्यांच्या अंतिम फेऱ्या हिवाळ्यात. तारखा दरवर्षी मागे-पुढे होतात, म्हणून अधिकृत संकेतस्थळच पाहायचं. ज्या महाविद्यालयात हॅकेथॉनचा समन्वयक कोण हे कुणालाच ठाऊक नाही, तिथल्या विद्यार्थ्यांनी सत्र सुरू होताच प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.